कांट यांची दोरी, घंटा आणि खुर्ची

म्हातारपणी इमॅन्युएल कांट जरा विचित्र चालायचे. आधी टाच टेकवून मग पाऊल पुढे घ्यायचं, ही आपली नेहमीची रीत त्यांनी सोडून दिली होती. पाऊल सरळ वरून खाली, जवळजवळ आपटूनच ठेवायचे. त्यामागे हिशेब होता. अख्खा तळवा एकदम जमिनीला टेकला की आधार रुंद मिळतो आणि तोल जायची शक्यता कमी होते, असं त्यांनी ठरवलं होतं. तरीही एक दिवस ते रस्त्यात पडलेच. उठता येईना. दोन तरुण मुलींनी ते पाहिलं, त्या धावत आल्या आणि त्यांनी म्हाताऱ्या प्राध्यापकांना उभं केलं. कांट यांनी अगदी अदबीने आभार मानले आणि हातात असलेलं गुलाबाचं फूल त्यांतल्या एकीला दिलं. ती मुलगी त्यांच्या ओळखीची नव्हती. फूल मात्र तिने जपून ठेवलं.

कांट यांच्या चरित्रांत हा प्रसंग गुलाबामुळे टिकला. डॉक्टरांच्या नजरेने पाहिलं तर महत्त्वाचं आहे ते त्यापुढचं वाक्य. या पडण्यानंतर कांट यांनी फिरणं सोडलं.

ज्यांचं फिरणं पाहून शेजारीपाजारी घड्याळं लावत, असं सांगितलं जातं, तेच हे कांट. जन्म २२ एप्रिल १७२४, पूर्व प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग या बंदराच्या शहरात. आज ते रशियाचं कॅलिनिनग्राड आहे. वडील घोड्यांचं चामडी सामान करणारे कारागीर. घर साधं, धार्मिक वळणाचं. मुलगा त्याच शहरात शिकला, काही वर्षं आसपासच्या घरांत शिकवण्या केल्या, १७७० मध्ये त्याच शहराच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि पुढेही गाव सोडून गेला नाही. ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ हा ग्रंथ १७८१ मध्ये आला, तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. युरोपचं तत्त्वज्ञान ज्या पुस्तकाने बदललं ते लिहिणारा माणूस जेमतेम पाच फूट उंचीचा, अरुंद छातीचा आणि प्रकृतीने नाजूक होता.

ही प्रकृती त्यांनी शिस्तीच्या जोरावर चालवली. पहाटे पाचला पाच मिनिटं कमी असताना नोकर लाम्पे हाक मारायचा. हा लाम्पे जुना सैनिक. मग चहा, एक चिलीम, व्याख्यानं. जेवण दिवसातून एकदाच, दुपारी एकला, आणि तेही मित्रांच्या संगतीत. मग फिरणं, आणि रात्री दहाला अंथरूण. फिरायला ते एकटेच जात, कारण बोलायला लागलं की तोंडाने श्वास घ्यावा लागतो आणि तो नाकानेच घ्यावा, यावर त्यांचा कटाक्ष होता. मोज्यांच्या पट्ट्यांनी पायातलं रक्त अडतं, म्हणून त्यांनी खिशातून जाणाऱ्या दोऱ्या आणि स्प्रिंग वापरून मोजे वर धरून ठेवणारी एक यंत्रणाही बनवून घेतली होती!

१७९८ मध्ये त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. हुफेलँड नावाच्या नामवंत डॉक्टरांनी दीर्घायुष्यावर पुस्तक लिहिलं होतं, त्याला हे उत्तर होतं. केवळ निश्चयाच्या बळावर मन शरीराच्या तक्रारींवर ताबा मिळवू शकतं, हा त्याचा विषय. रात्री पायाच्या दुखण्याने झोप लागेना तेव्हा आपण सिसेरो हे नाव मनात धरून त्यावरच लक्ष कसं केंद्रित केलं आणि झोप कशी लागली, हे कांट त्यात सांगतात. त्याच निबंधात आणखी एक निरीक्षण आहे. चालताना डोक्याला मोठ्या विचारात गुंतवलं तर भोवळ येते, म्हणून चालताना फक्त चालावं.

वार्धक्यशास्त्राचे डॉक्टर आज याला दुहेरी काम म्हणतात. चालणं ही पायांची क्रिया वाटते. प्रत्यक्षात तिला मेंदूचं लक्ष लागतं. तरुणपणी इतकं थोडं लागतं की जाणवत नाही. मेंदू थकला की चालणं आणि बोलणं एकाच वेळी जमेनासं होतं. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्ध निवासातल्या लोकांची एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. चालताना त्यांच्याशी गप्पा सुरू करायच्या. उत्तर देण्यासाठी जे थांबले, त्यांतले बहुतेक जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना जिना उतरताना मागून हाक मारू नये, याचं कारण हेच. हाक मारली की ते वळून पाहतात आणि पायरीवरचं लक्ष जातं.

निबंध आला तेव्हा कांट ७४ वर्षांचे होते आणि घसरण सुरू झालेली होती. १७९६ मध्येच त्यांनी शिकवणं थांबवलं होतं. १७९९ च्या सुमारास त्यांनी मित्रांना स्वतःच सांगून टाकलं की आपण आता म्हातारे आणि दुबळे झालो आहोत, आपल्याला लहान मुलासारखं समजून घ्या. एकच गोष्ट दिवसातून अनेकदा सांगितली जाऊ लागली. ते लक्षात आल्यावर कांट चिठ्ठ्यांवर, पत्रांच्या पाठीवर बोलण्याचे विषय लिहून ठेवू लागले. डोक्यावर सतत दाब वाटे. त्याचा दोष ते हवेतल्या विजेला देत. युरोपात काही शहरांत मांजरं मरत होती, तीही याच विजेमुळे, अशी त्यांची पक्की समजूत होती आणि तिच्याशी वाद घालायची सोय नव्हती. जगाला तर्काच्या मर्यादा दाखवून देणारा हा माणूस! त्यांना नेमका कोणता आजार होता, यावर मेंदूविकारतज्ज्ञ आजही लिहितात. कोणी अल्झायमर म्हणतं, तर कोणी पडणं आणि रात्रीची भयानक स्वप्नं पाहून लुई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशाकडे बोट दाखवतं. दोनशे वर्षांनी निदान पक्कं करता येत नाही. पडण्याचं स्वरूप मात्र फार तपशिलात नोंदलेलं आहे.

ते ज्यांच्यामुळे, ते वासियान्स्की. कांट यांचे एकेकाळचे विद्यार्थी, पुढे शहरातल्याच चर्चमधले धर्मोपदेशक. शेवटच्या काही वर्षांत कांट यांचं घर, पैसा, नोकरचाकर सगळं त्यांनी सांभाळलं आणि १८०४ मध्ये त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. मला हे पुस्तक तत्त्वज्ञाच्या चरित्रापेक्षा शुश्रूषेची नोंदवही म्हणून जास्त मोलाचं वाटतं. कांट पडले की ते कुठे, कोणत्या वेळी आणि काय करताना पडले, हे वासियान्स्की पाहतात आणि मग घरातली एखादी वस्तू किंवा रीत बदलतात. सांभाळून चाला, असं कांटना सांगत बसण्यात ते वेळ घालवत नाहीत. घालवला असता तरी काय उपयोग होता? सूचना लक्षात ठेवायची, ऐन वेळी आठवायची आणि शरीराला ती पाळायला लावायची, ही तिन्ही कामं मेंदूची. तोच तर आजारी होता. निश्चयाच्या बळावर निबंध लिहिणाऱ्या माणसाच्या घरात ही गोष्ट एका धर्मोपदेशकाला आधी कळली.

शेवटच्या टप्प्यात कांट वाचता वाचता डुलक्या घेऊ लागले आणि डोकं समोरच्या मेणबत्त्यांवर जाऊन सुती टोपी पेटू लागली. एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा. कांट घाबरत नसत. जळती टोपी काढून जमिनीवर ठेवत आणि पायाने विझवत. त्यात अंगातला लांब झगा पेटायचा धोका. वासियान्स्कींनी टोपीचा आकार बदलला, मेणबत्त्यांची जागा बदलली आणि शेजारी पाण्याचं मोठं भांडं कायमचं ठेवून दिलं. पडण्याच्या बाबतीतही त्यांची रीत हीच होती.

रात्र सर्वांत अवघड. प्रकाशामुळे ढेकूण होतात, असं कांट यांचं मत असल्याने त्यांच्या झोपायच्या खोलीच्या खिडक्या रात्रंदिवस बंद असत आणि आत मिट्ट काळोख. अंधारात वाट सापडावी म्हणून त्यांनी फार पूर्वीपासून एक युक्ती केली होती. पलंगाच्या खांबाला रोज रात्री दोरी बांधायची आणि ती शेजारच्या खोलीपर्यंत न्यायची. उठायची वेळ आली तर दोरीला धरून जायचं. ही दोरी म्हणजे आजच्या कठड्याची पणजीच. स्मृती शाबूत होती तोवर तिने काम दिलं. मग भयानक स्वप्नं पडू लागली. चोर, खुनी अंगावर येत आहेत असं वाटून ते दचकून उठत. बोलावण्यासाठी घंटेची दोरी दिलेली होती, ते ती ओढतही. पण नोकर कितीही धावत आला तरी उशीरच व्हायचा. तोवर कांट अंथरुणाबाहेर पडून घाबऱ्याघुबऱ्या घरात दुसरीकडेच निघालेले असायचे आणि दुबळ्या पायांनी जोरात आपटायचे.

घंटा निरुपयोगी का ठरली, हे समजून घेण्यासारखं आहे. घंटा वाजवून थांबावं लागतं, आणि भेदरलेला, भ्रमिष्ट झालेला माणूस थांबत नाही. रुग्णालयांतही हेच घडतं. उशाशी बटण दिलेलं असतं, तरी स्मृतिभ्रंश असलेल्या आजी ते दाबत नाहीत. बटणाचा उपयोग त्यांना त्या क्षणी आठवत नाही, लघवीची घाई मात्र कळते. वासियान्स्कींनी खूप मनधरणी करून नोकराला त्याच खोलीत झोपवायला कांटना राजी केलं. आयुष्यभर एकट्याने झोपलेल्या माणसाला ते जड गेलं, पण रात्रीचं पडणं त्याने आवरलं.

आपल्याकडे हीच गोष्ट अंथरूण ते न्हाणीघर या वाटेवर घडते. पायपुसणं दुमडलेलं, फरशी ओली, दिवा लावायचं बटण दाराबाहेर, पायात सैल सपाता. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अशा माणसांचं पडण्याचं प्रमाण त्यांच्याच वयाच्या इतरांपेक्षा साधारण दुप्पट असतं. रात्रभर जळणारा एक मंद दिवा, वाटेतून उचललेलं पायपुसणं, कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा आणि झोपण्यापूर्वी न्हाणीघरात नेऊन आणण्याची ठरलेली वेळ यांनी बरंच साधतं. झोपेच्या किंवा शांत करण्याच्या गोळ्या सुरू असतील तर त्या खरोखर लागतात का, हे डॉक्टरांना पुन्हा विचारावं. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उभं राहताच रक्तदाब उतरून भोवळ येते का, हेही तपासून घ्यावं. लुई बॉडीच्या रुग्णांत अशी भोवळ गोळ्यांशिवायही येते. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नयेत.

नोकर आता लाम्पे नव्हता. कित्येक दशकांच्या चाकरीनंतर १८०२ च्या सुरुवातीला वासियान्स्कींनी त्याला निवृत्तिवेतन देऊन घरी पाठवलं. दारू आणि दांडगाई वाढली होती. जागी योहान कौफमान हा माणूस आला. कांट मात्र नव्या नोकराला जुन्याच नावाने हाक मारत राहिले आणि मग लाम्पेचं नाव विसरायचं आहे, अशी आठवण त्यांनी स्वतःच वहीत लिहून ठेवली. हा किस्सा हसू येण्यासाठी सांगितला जातो. मला त्यात नवी माणसं, नव्या जागा, नवे रिवाज या आजारात किती महाग पडतात ते दिसतं.

त्या वसंतात वासियान्स्कींनी त्यांना मोकळ्या हवेत नेण्याचा घाट घातला. कित्येक दिवस कांट घराबाहेर पडले नव्हते. चालणं तर आता शक्यच नव्हतं, म्हणून घोडागाडी. खिडकीबाहेर गाणारा एक छोटा पक्षी परत येण्याची वाट पाहणं, एवढाच वसंताशी त्यांचा संबंध उरला होता. रस्त्यात पडल्यापासून इथपर्यंतची वाट आज कोणताही फिजिओथेरपिस्ट ओळखेल. पडण्याच्या भीतीने चालणं थांबतं, न चालल्याने मांड्यांची ताकद जाते, आणि मग उभ्या उभ्याही माणूस पडतो. घरच्यांची माया यात भर घालते. बसून राहा, पाणी मी आणते, असं म्हणत आपण आईला खुर्चीत खिळवून ठेवतो. दोघांच्या मध्ये हात धरून, उजेडाच्या वेळी, रोज त्याच रस्त्याने चालवणं हे पडू नये म्हणूनच करायचं असतं. कांट यांच्या बाबतीत ते कोणी केलं नाही, आणि त्या काळात ते कोणाला सुचणंही कठीण होतं.

पुढे पाय अगदीच साथ देईनात. खोलीतून जाताना पडत, नुसते उभे असतानाही पडत. कांट त्यावर हसत. आपलं अंग इतकं हलकं आहे की पडून लागणं शक्यच नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. हाडांचा सापळाच उरला होता. त्यांना फारसं लागलं नाही हे खरं, पण तो नशिबाचा भाग. कमी वजनाच्या म्हाताऱ्या माणसाची हाडं बहुधा ठिसूळ असतात, खुब्यावर मांसाची गादी नसते, आणि खुब्याचं हाड मोडण्याचा धोका सडपातळ लोकांनाच जास्त असतो. एकवेळ जेवणारा, चव गेलेला, घराबाहेरच्या उन्हाला पारखा झालेला वृद्ध हा त्या बाबतीत अगदी धोक्याच्या रांगेत पुढे. स्मृतिभ्रंशात वजन उतरू लागलं, तर ते पडण्याशी जोडूनच पाहायला हवं.

सकाळच्या वेळी थकव्याने ते खुर्चीतच झोपी जात आणि पुढच्या पुढे जमिनीवर घसरून पडत. कोणी खोलीत येईपर्यंत तिथेच पडून राहत. वासियान्स्कींनी मग दोन्ही बाजूंनी गोलाकार आधार येऊन समोर जुळतील अशी खुर्ची आणली. पडणं थांबलं. आजचे तज्ज्ञ या खुर्चीकडे संशयाने पाहतील, आणि ते योग्यच आहे. बांधून किंवा अडकवून ठेवलेला माणूस सुटायची धडपड करतो आणि त्यात जास्त वाईट पडतो. जखडल्यामुळे उरलेली ताकदही जाते. आपल्याकडे साडीने, पंचाने खुर्चीला बांधणं घरोघरी चालतं आणि ते करणाऱ्यांना दुष्ट म्हणता येत नाही, कारण स्वयंपाकघरात आणि आजोबांजवळ एकाच वेळी थांबता येत नाही. कांट त्या खुर्चीतून उठायला धडपडत नव्हते, झोपेत ओघळत होते, हा फरक आहे. झोपेची वेळ ठरलेली असेल तर त्या वेळी पलंगावर निजवणं, हा आज पहिला उपाय सुचवला जाईल.

शेवटच्या वर्षी धाकटी बहीण घरी राहायला आली. ती शांतपणे शेजारी बसून राही आणि लागेल तेव्हा हात देई. ८ ऑक्टोबर १८०३ च्या सकाळी तिच्याच हाताला धरून चालताना कांट अचानक बेशुद्ध होऊन कोसळले. आदल्या दिवशी आवडतं चीज फार खाल्ल्याचा दोष त्याला दिला गेला. डॉक्टरांना तो झटका वाटला. आयुष्यातलं पहिलं मोठं आजारपण. चार-पाच दिवसांत ते पुन्हा मित्रांसोबत जेवायला बसले, पण तो उतार मग थांबला नाही. डावा डोळा आधीच गेला होता, उजवाही अंधूक झाला. डिसेंबरात स्वतःची सही करता येईना.

फेब्रुवारी १८०४ च्या सुरुवातीला डॉक्टर भेटायला आले. कांट कसेबसे उठून उभे राहिले. तोल सावरत, थरथरत उभेच. काहीतरी पुटपुटत होते; शब्द नीट लागत नव्हते. डॉक्टरांनी बसायचा आग्रह केला, पण ते बसेनात आणि आता पडणार असं दिसू लागलं. वासियान्स्कींना कारण माहीत होतं. पाहुणा उभा असताना यजमान कसा बसेल? त्यांनी डॉक्टरांना आधी बसायला सांगितलं. डॉक्टरांना हे खरं वाटेना, तरी ते बसले आणि त्याबरोबर कांटही बसले. मग सगळी शक्ती गोळा करून त्यांनी सांगितलं की माणुसकीची जाणीव आपल्याला अजून सोडून गेलेली नाही.

त्यानंतर नऊ दिवसांनी, १२ फेब्रुवारीला सकाळी अकराच्या सुमारास कांट गेले. थंडीने जमीन गोठलेली होती. अंत्ययात्रा २८ तारखेला निघाली. तोवर अंत्यदर्शनासाठी गावातले लोक रोज घरी येत राहिले आणि उरलेलं ते एवढंसं शरीर पाहून थक्क होत राहिले.